चालकाचं डोकं शून्यावर

आगाशी, ता. वसई
१४ फेब्रुवारी २००६

माझा एकतीस वर्षांचा गाडीसोबती बॅप्टिस्ट यास,

प्रल्हादचा रामराम, आणि तुमच्याकडचा जो असेल तो नमस्कारही यातच धर. क्लेमेंटीनवहिनींचा गुडघा कसा आहे? नाशिकच्या थंडीत तो जास्त कुरकुरतो असं मागच्या पत्रात होतं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला सांग. तुझ्या रिटाच्या घशाला शाळेत पोरांवर ओरडून ओरडून सूज आली होती, ती उतरली का? नात ग्रेसीच्या दातांना तारा लावल्या, त्या काढल्या की अजून आहेत? तुझी साखर ताब्यात असेल असं धरतो (नसेल तर मला कळवू नकोस, मी ओरडेन). आणि तुझा मोतीबिंदू काढला, त्या डोळ्याने लांबचं स्वच्छ दिसतं ना? शंभर पावलांवरचा माणूस ओळखू येतो का? मागून येणारी सायकल? (सहज विचारतोय.) इकडे वसुंधरा ठणठणीत आहे. माझ्यावर पाळत ठेवण्याइतकी ठणठणीत आहे, म्हणून तर फोन न करता पत्र लिहितोय. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे.

तर ऐक. जानेवारीच्या शेवटी मी आपली मारुती व्हॅन घेऊन अर्नाळ्याला गेलो, सुके बोंबील आणायला. घेतले, पैसे दिले, गाडी मागे घेतली, आणि त्या धोंडूबाई कोळणीने बांबूंवर बोंबील वाळत घातले होते ती अख्खी वलांडी माझ्या गाडीच्या मागे येऊन उभी राहिली. (गाडी तिच्यावर गेली असं लोक म्हणतात. लोकांचं सोड.) धोंडूबाईने कमरेवर हात ठेवून साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं विचारलं, "डायवर, मान हाय का खुंटा? पाठी बगाला काय झाला तुला?" मी बांबू उभे करून दिले, नुकसानीचे बोंबील विकत घेतले, घरी आलो. मागच्या बंपरला बोंबलांची एक माळ तशीच लटकत होती हे मला ठाऊक नव्हतं, पण आगाशीच्या बाजारातल्या सगळ्या मांजरांना ठाऊक झालं. सात मांजरांची मिरवणूक घेऊन मी दारात उतरलो. वसुंधराने मांजरं मोजली, बोंबील मोजले, आणि हात पुढे करून म्हणाली, "किल्ली." तेव्हापासून किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. डबा तिच्या पलंगाखाली आहे.

एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाची किल्ली तांदळात! तूच सांग. मी भांडलो. मग विनिता आणि जावई तुळिंजहून मध्यस्थीला आले. कौस्तुभराव माणूस सज्जन, कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो आणि घरी आल्यावर विसावा म्हणून पुन्हा कॉम्प्युटरवर बसतो. त्याच्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आहे. खेळ म्हणजे आपण समजतो तसा नव्हे. जेवणाच्या टेबलाला खरं स्टिअरिंग आवळून बसवलंय, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आहेत (क्लच नाही, ज्याला क्लच नाही त्याला मी वाहन म्हणत नाही, पण असो). तो म्हणाला, "बाबा, रविवारी या. दहा फेऱ्या कुठेही न धडकता मारा. मग मी आईंशी बोलतो." मी म्हटलं, दहा काय, शंभर मारतो.

पहिल्याच वळणावर भिंतीत गेलो. दुसऱ्यांदा गवतात. तिसऱ्यांदा गाडी आणि मी दोघेही उलटे. विनिताने लिंबूपाणी आणलं, कारण मला भोवळ आली होती. पण बॅप्टिस्ट, दोष माझा नव्हता, आणि हे मी कोणत्याही देवळात किंवा तुझ्या चर्चमध्ये उभा राहून सांगेन! दोष डोक्याचा होता. माझ्या नव्हे, त्या खेळातल्या चालकाच्या. पडद्यावर आपल्याला त्या चालकाच्या डोळ्यांनी रस्ता दिसतो. आता झालं असं, की कुण्या परदेशी माणसाने चालकाचं डोकं खऱ्यासारखं हलावं म्हणून फुकटची करामत इंटरनेटवर ठेवली, आणि जावयाने ती आपल्या खेळात घातली. ब्रेक मारला की डोकं पुढे झुकतं, वेग घेतला की मागे रेलतं, वळणावर कलतं, खड्ड्यात थरथरतं. देवी अंगात आलेला माणूस शर्यतीला बसवावा तसा प्रकार. जावई अभिमानाने सांगतो, तीन रविवार खपून हे जुळवलंय, खऱ्या चालकाचं डोकं असंच हलतं.

खऱ्या चालकाचं? मला सांगतोस? मी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला शिकवायला बसलो. म्हटलं, कौस्तुभराव, डोकी हलतात ती प्रवाशांची. कंडक्टर तर अख्खाच हलतो. (तुला आठवतं, अर्नाळ्याच्या शेवटच्या वळणावर तू तिकिटांच्या पेटीसकट त्या वराच्या मांडीवर बसला होतास, आणि वऱ्हाड टाळ्या वाजवत होतं.) चालकाचं डोकंही हलत असेल, पण नजर हलत नाही. तुझ्या पडद्यावर डोकं हललं की रस्ताच हलतो. आमचा रस्ता इतक्या वर्षांत कधी हलला नाही. खड्डे इकडचे तिकडे झाले असतील, रस्ता जागेवर होता. मी विचारलं, देवळासमोरून जाताना मान आपोआप झुकते, त्याची सोय आहे का? म्हणाला, "बाबा, त्या रस्त्यावर देऊळ नाही." मग कसलं आलंय खरं!

शेवटी त्याने तो हिशेबाचा पडदा उघडून दिला. पुढे झुकणं किती, कलणं किती, थरथर किती, प्रत्येकाला एक पट्टी, शून्यापासून शंभरापर्यंत. मी म्हटलं, झुकणं शून्य. कलणं शून्य. थरथर शून्य. शेवटची पट्टी होती वळणाकडे मान वळवण्याची. तो म्हणाला, "ही तरी राहू द्या, वळण न बघता कसं घ्याल?" मी म्हटलं, शून्य! आणि पुन्हा बसलो. अकरा फेऱ्या मारल्या, बॅप्टिस्ट. दहा शर्यतीच्या, एक वसुंधराच्या नावाने. भिंतीला ओरखडा नाही, गवताला चाक नाही. मान ताठ, नजर समोर, आरशांत एकेक कटाक्ष. माझ्या वयाला हसणाऱ्यांनी येऊन बघावं. विनिता टाळ्या वाजवत होती. जावई मात्र गप्प होता.

आता पाच मार्चच्या रविवारी खऱ्या रस्त्यावरची परीक्षा ठरली आहे: आगाशी ते अर्नाळा, धोंडूबाईच्या दारात गाडी मागे घेऊन लावायची आणि परत. वसुंधरा मागच्या सीटवर, जावई माझ्या शेजारी. जमलं तर किल्ली माझी, नाही तर व्हॅन विकायची. मी म्हटलं, विकायची भाषा माझ्यासमोर नको, मी जिंकणारच.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. – जावई गप्प का होता, ते राहिलं. अकरावी फेरी संपल्यावर तो माझ्या उजव्या खांद्यामागून म्हणाला, "बाबा, चहा." मी चहा घ्यायला वळलो. खुर्ची चाकांची, गोल फिरणारी. मी खुर्चीसकट वळलो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पडद्यावरच्या त्या शून्याकडे. कुणाला काही बोलला नाही. कप मात्र टेबलावर डावीकडे, माझ्या हाताशी आणून ठेवला. सज्जन आहे, हे वर लिहिलंच आहे.

ता. क. २ – दिवाळीपासून मान उजवीकडे वळतच नाही. डावीकडे निम्मी. तेल लावलं, शेक घेतला. हे फक्त तुला माहीत. धोंडूबाईने एका नजरेत ओळखलं, त्याला मी काय करू?

ता. क. ३ – म्हणून, शनिवारी चार तारखेला ये. तुमचा उपासकाळ लागलेला असेल, पण मासळी चालते ना. वसुंधरा कालवण करील. जावयाला मी सांगतो की आमच्या कंडक्टरशिवाय मी गाडी हलवत नाही, शेजारी तूच बसशील. तुझी शिट्टी आण. मागे घेताना खाली उतर आणि पूर्वीसारखी वाजव. तुझा नवा डोळा आणि माझे हातपाय मिळून एक चालक सहज होतो.

ता. क. ४ – आणि त्या फेरीत तुलाच वाटलं की पुरे, तर माझ्या कानाशी शिट्टी एकदाच वाजव. आपल्या घंटेचाच नियम: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे नीघ. एका घंटेला मी कधी ब्रेक मारला नाही असं झालंय का? वसुंधराचं ऐकणार नाही, जावयाचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच. तुझं ऐकेन. किल्ली मी स्वतः तांदळात ठेवीन. पण उगाच वाजवू नकोस हां.

उत्तर लगेच टाक. पोस्टकार्डावर जास्त लिहू नकोस, वसुंधरा वाचते. येत असलास तर नुसतं "डबल बेल" लिही. एसटी डायवरशी संसार केलेल्या बाईला त्याचा अर्थ कळणार नाही, असं आपण दोघांनी धरून चालू.