पुकारा झाला त्या दिवशी

बाबा, शेगडीवर चीक रटरटत होता आणि मी लाटण्याच्या टोकाने तो हाटत उभी होते. तीन दिवस गहू भिजवले होते, आदल्या दिवशी वाटून गाळले होते. अंगणात बाजेवर तुमचं जुनं धोतर पसरलं होतं. कोराडीला वीजघराची राख सारखी उडते, म्हणून वरून झाकायला पातळही काढून ठेवलं होतं. ऊन चढायच्या आत कुरड्या पाडायच्या होत्या. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या.

"काहून वं, नवाची बस नाही पकडत? आज तर तुही तारीख आहे ना?"

"चीक आंबून जाईल, काकू."

"दे तो सोऱ्या इकडं. मी पाडतो कुरड्या. तू जाय."

"तुमच्या हातच्या जाड पडतात," मी म्हटलं. त्या हसल्या आणि गेल्या.

तुम्ही जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, म्हणून सगळं सांगायला हवं. आणीबाणी होती. वीजघरातल्या कामगारांची सभा घेतली म्हणून तुमच्या जावयाला पोलिसांनी उचललं. कोणता गुन्हा, ते कागदावर नव्हतं. मी अर्ज केला, माझ्या नावाने. एवढंच विचारलं होतं, की माझ्या माणसाला का ठेवलंय ते सरकारने सांगावं. नागपूरच्या कोर्टाने ऐकून घेतो म्हटलं, तेव्हा मला तुमची आठवण आली. तुम्ही जन्मभर जिल्हा कोर्टाच्या दारात पट्टा लावून नावं पुकारलीत. मी लहानपणी विचारलं होतं, सरकारचं नाव जोरात घ्यावं लागतं का? तुम्ही म्हणालात, "सरकार असो का सालदार, माह्या तोंडातून एकाच आवाजात निघते पोरी." त्या एका वाक्यावर मी कोर्टावर विश्वास ठेवला होता.

मग रेडिओवर दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला. आणीबाणी आहे तोवर आत टाकलेल्या माणसाने कोर्टाचं दार वाजवायचं नाही. वकील म्हणाले, आपला अर्ज आता फेटाळला जाणार, यायलाच पाहिजे असं नाही. पण तुरुंगातल्या भेटीत हे म्हणाले होते, "हरलो तरी चालेल. तू तिथं उभी राहा. पुकारा होईल तेव्हा आपलं कोणीतरी दिसलं पाहिजे." मी हो म्हटलं होतं.

आणि मी कुरड्या पाडत बसले. चिकाचं कारण खरं नव्हतं, काकूंनाही ते कळलं असणार. मला राग आला होता. जिथे सरकारला कारणही सांगावं लागत नाही, तिथे मी कशाला उभी राहू? दुपारी वकिलांचा निरोप आला. पुकारा झाला, ते एकटेच उभे राहिले, दोन मिनिटांत संपलं.

पुढे सरकार बदललं, हे सुटून आले, कायदाही दुरुस्त झाला. छातीचं दुखणं मात्र तुरुंगातून सोबत आलं होतं. दोन वर्षांत हे गेले. त्यानंतर मी वाचनालयात जाऊन तो निकाल वाचायला घेतला. इंग्रजी, शब्दकोश मांडीवर, दिवसाला एक पान. बाबा, पाच न्यायाधीश होते. चौघांनी सरकारचं म्हणणं मानलं. पाचव्याने मानलं नाही. आपण एकटे पडणार हे माहीत असून त्याने आपलं वेगळं मत पानंच्या पानं लिहून ठेवलं. ते वाचल्यापासून मला घरात एका जागी बसवत नाही. भांडी घासता घासता हात थांबतो. मी गेले असते तर निकाल बदलला नसता, हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. त्या पाचव्या न्यायाधीशालाही ते माहीतच होतं की.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. यांनाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. दुसऱ्या दिवशी तुरुंगात भेट होती. हे जाळीपलीकडे आले आणि आधी तेच विचारलं, "उभी राहिलीस?"

मी हो म्हटलं, आणि कोर्टात किती गर्दी होती तेही सांगितलं.