पंखा थांबेना

मिठबाव, मंगळवार, संध्याकाळी सात

सापडलं. घाईत अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

मोबाईलवरून जुन्या लॅपटॉपला वाय-फायनं डेटाचं एकच पॅकेट पाठवलं. एकच. त्याचा पंखा जो सुरू झाला तो थांबेना, कुठलीही कळ दाबा, स्क्रीन हलेना. पॅकेटमधला प्रत्येक तुकडा आपली लांबी सांगतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी पुढे सरकते. मी लांबी लिहिली शून्य. बिचारी सरकतच नाही, तोच तुकडा पुन्हा वाचते, पुन्हा शून्य. इतकी साधी चूक इतकी वर्षं कुणालाच दिसली नाही? की मीच चुकतेय? तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा पंखा.

सिस्टिम बनवणाऱ्यांना कळवलंय. दुरुस्ती येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, नाहीतर कुणीही उठून एका पॅकेटनं कुणाचंही मशीन बंद पाडेल. आणि मी? तासभरसुद्धा तोंड बंद ठेवता आलं नाही. बाबा समुद्रावरून आले आणि म्हणाले, "ह्यो पंखो कित्याक एवढो घोंगावता गो?" मी सगळं सांगून टाकलं. मग माझी मीच घाबरले. "बाबा, ह्यां कोणाक सांगू नकात."

त्यांनी खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं. "सुरमय खंय गावता तां मी तुझ्या काकाक तरी कधी सांगलंय?"

काकाची होडी वीस वर्षं आमच्या होडीला लागूनच उभी असते.