शालोमची दोन बोटं

शुक्रवार, दिवा लावायच्या आधी

घाईत लिहिते. दिवा लावला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, मग पेनाला हात लावायचा न्हाय.

सोमवारी अलिबागच्या कोर्टात माझी साक्ष हाय. कुंपणावरून भांडताना माझ्या थोरल्या पोरानं, मोशेनं, धाकट्या भावावर कोयता चालवला. शालोमची उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दोघांशिवाय बघितलं फक्त मी.

आज मोशेचा वकील आलेला. "मावशी, सांगा, नारळ सोलताना लागलं."

"व्हय का? मग नारळालाच आत टाका!"

तो हसला. मला हसू आलं न्हाय.

आमच्या शास्त्रातल्या दावीद राजाच्या पोरानं पण भावाला ठार मारलं. राजानं त्याला ना शिक्षा केली, ना वेळेवर जवळ घेतलं. तोच पोरगा पुढं बापावर उलटला नि मेला, तेव्हा राजा ऊर बडवून रडला. राजा, आधी अक्कल कुठं गेलेली? नि माझी कुठं हाय?

खरं बोलले तर मोशे तुरुंगात. खोटं बोलले तर ती दोन बोटं मी पण तोडली.

शालोमलाच विचारलं. म्हणतो, "खरं सांग आई. मग जज्जसाहेबापुढं दादासाठी पदर पसर. मी पण हात जोडतो, जुळतील तेवढे."

देवा, न्याय नि दया, तुला दोन्ही जमतं म्हणतात. मला एका तोंडानं जमेल?

शालोम मघापासून काडेपेटीशी झटतोय. काडी ओढता येत न्हाय त्याला अजून. उठते.