माझ्या नावाची स्कूटर

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार
आज घाईघाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार. पुण्याच्या डीलरचं पत्र आलं. कु. मालती वि. साठे यांचा स्कूटरचा नंबर लागला आहे, महिन्याच्या आत येऊन गाडी ताब्यात घ्यावी!!! नाव माझं, आळी आमची, चिंचवड. चार वेळा वाचलं. आप्पा पेपर वाचत होते. म्हटलं, "आप्पा, गुपचूप बुकिंग केलंत आणि बोलला नाहीत?" ते म्हणाले, "मी? पेन्शनीत? तूच पगारातून केलं असशील." दोघंही एकमेकांकडे संशयाने बघतोय. मग हसत सुटलो. पण मग केलं कुणी?

५ फेब्रु., मंगळ
कंपनीत बातमी फुटली. शेजारच्या टेबलावरच्या शकूला फक्त कानात सांगितलं होतं, म्हणजे दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळ्या टायपिंग सेक्शनला. लोकांचा आठ-आठ वर्षं नंबर लागत नाही, आणि माझा न मागता लागला. अकौंटवाले साहेब, जे एरवी मान वर करून बघत नाहीत, ते स्वतः टेबलापाशी. "मिस साठे, विकायचा विचार असेल तर आधी मला." मी "बघू हं" म्हटलं, असं म्हटलं की जणू माझ्याकडे चार पडल्यात! संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहून स्वतःला गाडीवर बघत होते. मागे आप्पा, छत्री घट्ट धरून. आपल्याला हवीये ती गाडी. खोटं कशाला बोला.
पत्रात बुकिंगचं साल १९६७ आहे. तेव्हा मी नुकती मॅट्रिक झालेली. खिशात बसभाडं नसायचं.

७ फेब्रु., गुरु. (कं. ला सुट्टी)
पोस्टात गेले. बुकिंग करताना पोस्टात खातं काढून पासबुक डीलरकडे अडकवावं लागतं, हे शकूने सांगितलेलं. पोस्टमास्तर भला माणूस. जुनं बाड काढून सहीचं कार्ड समोर ठेवलं.
सही माझी.
नक्कल नाही, माझीच. मॅट्रिकनंतर एक वर्ष मी 'म'ला मोठी शेपटी काढायचे, तीच शेपटी. म्हटलं, "मी हे खातं काढलेलंच नाही हो." पो.मा. म्हणाले, "बाई, मग सही काय चालत आली?"
परत येताना रेल्वे फाटकापाशी गाडी जायची वाट बघत उभी होते, तिथे एकदम आठवलं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज! मॅट्रिक झाल्यावर नाव नोंदवायला समोरचे नाना गेले होते, आळीतल्या सगळ्या पोरापोरींचे कागद घेऊन. रेशनकार्डसुद्धा दिलं होतं. आणि कसले ते न बघता कोऱ्या फॉर्मांवर सह्या. "एखादा चुकला तर दुसरा असू दे." मी तीन केल्या. ऐटीत केल्या, शेपटी काढून!

८ फेब्रु., शुक्र
आळीचं कचेरीचं काम म्हणजे नाना. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा जन्मदाखला, सगळं नाना. कधी पैसा घेतला नाही. आणि माझी ही नोकरी त्या एक्स्चेंजच्या कॉलमुळेच लागली, हेही खरं. म्हणून आज ते आले तेव्हा आधी पाणी पुढे केलं.
पेढे घेऊन आले. हसत. पत्र त्यांच्याकडे जायचं होतं म्हणे, नव्या पोस्टमनने नाव बघून आमच्याकडे टाकलं. किती सहज सांगितलं! "मालू, डिपॉझिट माझंच आहे. गिऱ्हाईक ठरलंय. तू ताबा घेतल्याची एक सही कर, बाकी मी बघतो. तुझं काय गेलं?"
खरंच, माझं काय गेलं?
"न विचारता माझं नाव वापरलंत," एवढंच म्हणाले.
"अगं, नावाला काय झिजायचंय? आणि नोकरी कुणी लावली तुला?"
आप्पांनी पेपर उघडला. मी म्हटलं, विचार करून सांगते. पेढे तसेच आहेत. एक खाल्ला. चांगला होता, मेला.

१० फेब्रु., रवि
शकूचे मामा आर.टी.ओ.त आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा पिता पिता सांगितलं की गाडी कागदावर माझीच राहणार, लगेच दुसऱ्याच्या नावावर होत नाही. चालवणार भलताच. त्याने कुणाला ठोकलं तर हवालदार माझ्या दारात. "आणि पोरी, अशा सह्या किती दिल्यास?"
तीन. एक एक्स्चेंजला गेली. एक पोस्टात सापडली.
तिसरी?
घरी येईपर्यंत डोकं नुसतं भणभणत होतं. कुठल्या कागदावर, कुणापुढे बसलीये माझी सही सात वर्षं?

११ फेब्रु., सोम
नानांना कोऱ्या सह्या कुणी दिल्या, संध्याकाळी आळीत दारोदार विचारलं. आतापर्यंत आमचं धरून पाच घरं निघाली! हौसामावशी म्हणाल्या, "व्हय की, आमच्या बाबूनं बी दिल्या व्हत्या सह्या. मागल्या साली खडकीचा हवालदार आलता, तुमची गाडी कुठाय म्हनं. म्या म्हनलं, आमच्याकडं सायकल बी न्हाई, दुसरं दार बघ." आम्ही सगळ्या हसलो, मग एकदम कुणीच हसेना. बाबू तेव्हा भोसरीला पहिल्या शिफ्टला होता, घरी नव्हता म्हणून वाचला. नाहीतर नेलाच असता.
आता राग आलाय. असा मस्त, भरपेट राग खूप दिवसांनी आलाय.

१३ फेब्रु., बुध
जेवणाच्या सुट्टीत अर्ज टाइप केला. पाच कार्बन घालून, सगळ्यांना एकच मजकूर: सही कोऱ्या कागदावर घेतली, खातं आम्ही काढलेलं नाही, यापुढे आम्ही समोर हजर असल्याशिवाय आमच्या नावाने काही मान्य करू नये. शेवटचं वाक्य टाइप करताना काय बरं वाटलं!
घरी मात्र भांडण. आप्पा: "शेजारी माणूस आहे. तुझ्या आईच्या आजारपणात त्यांनी धावपळ केलेली विसरलीस?" नाही विसरले. म्हणून तर रडले. म्हटलं, "आप्पा, त्यांच्या उपकाराला मी नाही म्हणत नाही. पण माझं नाव त्यांना बक्षीस नाही दिलेलं." त्यांनी चष्मा मागितला आणि अर्जातली एक चूक काढून दिली. म्हणजे उद्या पोस्टात आमच्याबरोबर येणार!

१४ फेब्रु., गुरु
आम्ही पाच घरं, पोस्टात मोर्चाच म्हणायचा. मावशींनी बाबूला सही करू देण्याआधी अर्ज तीनदा वाचायला लावला. "परत वाच. मदी काय म्हनलीस?" रांगेतले लोक वैतागले, वैतागू देत. पो.मा.नी पाचही खाती रोखून ठेवली, डीलरला कळवतो म्हणाले. पुढच्या गुरुवारी नानांनाही बोलावलंय. मी विचारलंच, "मग गाडी कुणाची?" ते म्हणाले, "सही तुमची, पैसे त्यांचे. ते वरचे ठरवतील."
तिसऱ्या कागदाचं अजून काही नाही.

१७ फेब्रु., रवि
नानांनी बोलणं टाकलं. आळीत दोन तट. एकीने तोंडावर सांगितलं, "नोकरी लागली की माणसं अशीच उलटतात." जेवण गेलं नाही. अकौंटवाले साहेब परवा पुन्हा विचारत होते, विकणार का. त्यांना म्हटलं, आधी माझी आहे का ते ठरू द्या. आणि खरं लिहायचं तर, ती माझीच ठरावी असं अजूनही वाटतं! लाज वाटते लिहायला.

२० फेब्रु., बुध
कं.तून येऊन पाय धुतले, तोच नानांची बायको, आमच्या काकू, दारात. मी मनातल्या मनात तयारी केली, आता रडतील, पाया पडतील, अर्ज मागे घे म्हणतील. आप्पा उठून आत गेले.
काकू पाटावर टेकल्या. म्हणाल्या, "उद्या पोस्टात किती वाजता जायचंय?"
"दहाला. का?"
"मलाही यायचंय." पदराने तोंड पुसलं. "मालू, माझ्या नावावर चार गाड्या आहेत गं. दोन माहेरच्या नावाने. एकीवरही मी बसलेली नाही."
समोरून नानांनी दोनदा हाक मारली, "अगं, ऐकलंस का?" सगळ्या आळीला ऐकू गेलं.
काकू उठल्या नाहीत. मी चहाला आधण ठेवलं.