रिलिव्हर आल्याशिवाय

नागपूर, २ मे २०२५

प्रिय अश्विन,

माफ कर. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. फोन होतात आपले, पण 'जेवलास का' आणि 'तिकडे ऊन किती' यापुढे गाडी जात नाही. तू तिकडे गुजरातेत तुझ्या सोलरच्या साइटवर, मी इथे कॉलेजच्या ग्रंथालयात. मी बाबांचं नाव काढलं की तुला नेमकं कोणीतरी बोलावतं. म्हणून आज रोजनिशी बाजूला ठेवली आणि हा कागद घेतला. पत्र वाचता वाचता ठेवून दिलंस, तरी ते पुन्हा उचलता येतं.

काल भर दुपारी लाइन गेली. कूलर थांबला आणि सगळ्या गल्लीतून ओरडा झाला. आपल्या घरात आई उठली, परात घेतली आणि कणीक मळायला बसली. अरे, बाबांना निवृत्त होऊन किती वर्षं झाली! पण तिच्या हातांना ते अजून कोणी कळवलेलं नाही. कोळशाच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये लाइट गेले की ती असंच करायची, आठवतं? युनिट बंद पडलं असेल, म्हणजे बाबांना बोलावणं येणार, म्हणजे डबा आधी. मेणबत्तीच्या उजेडात ती पोळ्या लाटायची आणि आपण कुरकुर केली की बाबा चपला शोधता शोधता म्हणायचे, "काहून बोंबलून राहिले बे? लाइन तुमच्या बापालेच आणाची हाय!" मग गावात दिवे लागले की तू अंगणात जाऊन शेजारच्या पोरांना सांगायचास, माझ्या बाबांनी लावले. मी तुला चिडवायचे, पण खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं. आपले आजोबा कंदिलात वाढले. त्यांचा मुलगा शहराचे दिवे लावतो, याचं त्या घरात केवढं अप्रूप होतं.

आणि तो नियम. कंट्रोल रूममधला माणूस आपल्या जागी दुसरा आल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. पाळी संपो, ताप असो, घरी पाहुणे असोत. रिलिव्हर येणार, बोर्डावरचे काटे त्याला दाखवायचे, बोलून चार्ज द्यायचा, मगच उठायचं. तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांचा रिलिव्हर आलाच नाही. तू पुठ्ठ्याचं पॉवर स्टेशन केलं होतंस, चिमणीत उदबत्ती, आणि कूलिंग टॉवरवर कापूस. परीक्षकबाईंनी कापसाला धूर म्हटलं, तेव्हा तू भर सभेत त्यांना दुरुस्त केलंस, "बाई, तो धूर नाही, वाफ आहे." बाबा पोचले तेव्हा शिपाई हॉल झाडत होता. तू रडला नाहीस. संपलेली उदबत्ती काढलीस, नवी लावलीस आणि रिकाम्या हॉलमध्ये त्यांना एकट्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलंस. त्यांनी प्रश्नही विचारले, अगदी परीक्षकासारखे.

म्हणून मला वाटतं, त्या दिवशी गच्चीवर त्यांच्या मनाला तुझं सोलर लागलं नाही, एक शब्द लागला. तू पॅनल घेऊन आला होतास, स्वतःच्या पैशांनी, कौतुकानं. ते म्हणाले, "अन् रात्री तुझा सूर्य कोणत्या ड्युटीवर रायते?" आपण हसलो. तूही हसलास. मग आई म्हणाली, माह्या कुरडया कुठी वाळवू, आणि बोलता बोलता काय झालं कोण जाणे, तू म्हणून गेलास की तुम्ही अख्खं आयुष्य धूर करण्यात घालवलं. धूर. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यांनी नेहमीसारखं समजावलं असतं. तुला ते काय समजावणार? पॅनल परत गेले, दुसऱ्या दिवशी तू गेलास, आणि तेव्हापासून तुझी सुट्टी कधी नागपूरपर्यंत पोचली नाही.

मागच्या रविवारी पियूष आला होता. बाबांच्या हाताखाली शिकलेला तो पोरगा आता शिफ्टचा साहेब आहे. "जयभीम काका" म्हणत आत आला आणि केंद्रातलं सांगू लागला. बाबांचं जुनं युनिट कायमचं बंद झालं. नवी युनिट आहेत, पण दुपारी सोलरची वीज भरपूर येते म्हणून केंद्रातल्यांनी लोड खाली आणायचा, वीज कमी करायची, आणि सूर्य कलला की पुन्हा वर चढवायचा. राजस्थानातला वारा, कुठल्या धरणाचं पाणी, तुमच्याकडचं ऊन, सगळं एकाच तारेत. मला वाटलं, बाबा आता भडकतील. मग म्हणाले, "म्हंजे दुपारची पाळी सूर्यानं घेतली. संध्याकाळी चार्ज आपल्याले." पियूष म्हणाला, "हो काका, रोज." तर म्हणतात, "मंग भांडण कायचं होतं गा?" हे विचारताना त्यांनी पियूषकडे पाहिलं नाही.

परवा सकाळी मी गच्चीवर गेले तर तिथे खडूनं चौकोन आखलेले. दक्षिणेकडे तोंड करून, एकामागे एक, मधून चालायला वाट. पश्चिमेचा कोपरा मात्र मोकळा, आणि त्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'कुरडया'. बाबा कठड्याशी बोटांवरचा खडू झटकत होते. जिना उतरताना ते दोनदा थांबले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांच्या हृदयाच्या तीन नसा बंद आहेत. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी बायपास लगेच करा म्हटलंय, उशीर धोक्याचा आहे. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आणि मी हो म्हटलं. हा शब्द मी मोडते आहे तो त्यांच्यासाठी की माझी भीती एकटीला पेलत नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते दवाखान्यात जायला तयार नाहीत. आई भांडली, रडली, जेवण टाकून बसली. काल लाइन परत आली आणि तिनं भरलेला डबा तसाच त्यांच्यापुढे ठेवला, म्हणाली, "जा न आता तरी, कोणाची वाट पाहून राह्यले?" त्यांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि खाली बघत म्हणाले, "रिलिव्हर नाही आला वं अजून." अश्विन, माफी मागायला येऊ नकोस. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळणार नाही. पॅनल घेऊन ये, नाही जमलं तर रिकामा ये, पण गच्चीवर त्यांच्याशेजारी उभा राहा, ते दाखवतील ते पाहा आणि चार्ज घे. मग ते उठतील.

तुझीच,
दीक्षाताई

उद्याचं काम (रोजनिशीची सवय सुटत नाही): संध्याकाळी गारव्यासाठी गच्चीवर पाणी मारू नको, खडू पुसला जाईल, असं आईला सांगणे.