स्वच्छ फोटो

आल्डोनाबाई,

तुम्हाला आई म्हणणं आजपासून बंद.

तुमच्या गावच्या जंगलात ब्लूबेरी वेचताना माझ्या उग्नेला गोचीड चावली, यात तुमचा दोष नाही. त्यातून ताप मेंदूत गेला, त्यातही नाही. पण पहिल्या एमआरआयमध्ये काही दिसलं नाही आणि तुम्ही निकाल देऊन मोकळ्या झालात, "फोटो स्वच्छ आहे. पोरगी नाटकं करतेय." घरी तिच्या कापऱ्या हातून सूप सांडलं, तेव्हा सात वर्षांच्या पोरीच्या थोबाडीत मारलीत. तुमचा मुलगा, तिचा बाप, शेजारी बसून जेवत राहिला.

दुसऱ्या एमआरआयमध्ये मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना पांढरे डाग निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवातीला फोटो स्वच्छ येऊ शकतो. अशा वेळी मुलाकडे बघायचं असतं." तुम्ही तर जेवताना पोरीच्या समोरच बसला होतात.

हात आता सुधारतोय. काल तिच्याकडून कप फुटला. ती रडली नाही. दोन्ही गाल झाकून म्हणाली, "मुद्दाम नाही पाडला गं."

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तुम्ही डोळे पुसत, केक घेऊन दारात याल. आणि ती वेडी पोर तुम्हाला आत घेईल.

तुमची आता कोणीच नसलेली,
रासा