वसमतच्या मोंढ्यातला गहाळ ‘एक’

५ फेब्रुवारी १९४२, सकाळ
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून मी एम.ए. करतो आहे. विषय स्टॅटिस्टिक्स. वसमतेत हा शब्द न अडखळता उच्चारणारा मी एकटाच.

बी.ए. अर्धवट राहिलं हा किरकोळ मुद्दा. औरंगाबादेत प्रोफेसरांनी भर वर्गात माझ्या हजेरीची सरासरी काढून दाखवली. मी म्हटलं, एका माणसाची सरासरी काढणं हा अपमान आहे. ते म्हणाले, बसा. मी बसलो नाही. त्यानंतर हजेरीचं रजिस्टर फाटलं. फाडलं नाही, फाटलं.

हॉस्टेलातल्या मित्राने कुठल्याशा लांबच्या विद्यापीठाच्या प्रॉस्पेक्टसमधली दोन पानं पाठवली आहेत, २३ आणि २४. थीसिसचे नियम. परीक्षेला कुणाला बसता येतं ते पान २२ वर असावं. ते माझ्याकडे नाही. जो नियम आपल्याजवळ नाही तो आपल्याला लागू नाही.

नियम असे: विषय नवा हवा. आकडे स्वतः गोळा केलेले हवेत. मार्गदर्शक हवा, त्याचं सर्टिफिकेट हवं. टाईप केलेल्या तीन प्रती, डावीकडे दीड इंच समास. शेवटी तोंडी परीक्षा.

संकल्प: चैत्र संपायच्या आत सगळं पूर्ण.

७ फेब्रुवारी
दोनशे पानांवर समास आखले. थीसिसचा डावीकडचा दीड इंच तयार आहे. आता फक्त उजवीकडचा भाग.

वही कुणी वाचणार नाही म्हणून खरं कारण लिहितो. रुक्मा. मोंढ्यात (धान्यबाजारात) माप घालणाऱ्या सटवाजी मापाड्याची मुलगी. रोज दुपारी बापाची भाकरी घेऊन मोंढ्यात येते आणि पोत्यांमधून अशी चालते की पोती बाजूला सरल्यासारखी वाटतात. सटवाजी मागे आमच्या बापूंना (वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू आहेत) म्हणाला की वैशाखात पोरीचं उरकायचंय. जावई शिकलेला असला तर बरंच, पण मोजायला पक्का पाहिजे. बापू ही गोष्ट हसत हसत सांगत घरी आले.

मी हसलो नाही. शिकलेला आणि मोजायला पक्का, म्हणजे स्टॅटिस्टिक्सचा एम.ए. नाहीतर दुसरा कोण? जात एक, गोत्र वेगळं. दोन अटी तर जन्मतःच पूर्ण.

११ फेब्रुवारी
विषय ठरवणे. पहिला विचार रुक्मावरच थीसिस लिहिण्याचा. आठ दिवसांत तिने तीनदा माझ्याकडे पाहिलं. त्यातल्या एका वेळी माझ्या मागे बैल होता, म्हणून ती नोंद वादग्रस्त. सॅम्पल लहान पडतं.

विषय बदलला: ‘वसमतच्या मोंढ्यातील जोंधळ्याच्या राशींचे मापन’. रुक्मा यातही रोज दुपारी येतेच.

मार्गदर्शक: सटवाजी. त्यांना मी मामा म्हणायला लागलो आहे, दूरदृष्टीने. सर्टिफिकेट म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, अंगठा. ते म्हणाले, अंगठा काहून, मला मोडीत सही येते. जरा वाईट वाटलं.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
शोध लागला.

मापाडी राशीत पायली बुडवतो, शिगोशीग भरतो, व्यापाऱ्याच्या पोत्यात ओततो आणि मोठ्याने मोजतो. मामांनी पहिली पायली ओतली आणि म्हणाले, “लाभ.” पुढची ओतली, म्हणाले, “दोन.” मी ‘एक’ची वाट बघत बसलो. तो आलाच नाही. वाटलं, वय झालं, विसरले. पुढची रास: लाभ, दोन, तीन. शेजारच्या राशीवर युसूफभाई मापाडी: बरकत, दोन, तीन.

सहा राशी. सहाही वेळा ‘एक’ गायब. वीस पायल्यांच्या राशीत आकडे भरले एकोणीस आणि विसाव्याच्या जागी एक गोड शब्द. हिंदू मापाडी लाभ म्हणतो, मुसलमान बरकत म्हणतो. कट धर्माच्या पलीकडचा आहे.

पहिली पायली पोत्यात पडताना दिसते, हे मान्य. पण जे दिसतं ते आणि जे मोजलं जातं ते यात फरक असतो, त्यालाच स्टॅटिस्टिक्स म्हणतात.

मी रेल्वेच्या क्वार्टरात वाढलो. घरी गिरणीवाला पीठ आणून टाकतो. रास मोजताना जन्मात पाहिली नव्हती, म्हणूनच नजर ताजी. आईला शोध सांगितला. ती म्हणाली, अरे वेड्या, लाभ म्हणजे... तिथेच थांबवलं. आकडे स्वतः गोळा करायचे आहेत. घरच्यांची मदत नियमात बसत नाही.

२ मार्च
एक्केचाळीस राशी झाल्या. एक्केचाळीस ‘एक’ गहाळ. स्टँडर्ड डेव्हिएशन शून्य. इतका सुबक आकडा याआधी कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

४ मार्च, दुपार
लिहायला बसवत नाही, पण लिहितो. युसूफभाईंची मुलगी हलीमा रुक्माची मैत्रीण. तिने आज मला लिंबाखाली गाठून रुक्माचा निरोप सांगितला. शब्द जसेच्या तसे: “लाभ तोच एक.”

लाभ तोच एक. म्हणजे जगात लाभ एकच, आणि तो मी. इतक्या कमी शब्दांत एवढं कुणी बोललेलं ऐकलं नाही. हलीमाला म्हटलं, तिला सांग, माझंही तसंच आहे. हलीमा मान हलवत गेली.

आज एकही रास मोजली नाही.

९ मार्च
दुसरा निरोप. हलीमा म्हणाली, रुक्माने सांगितलंय नीट ऐका: लाभ म्हंजी एक, एक म्हंजी लाभ, डोक्यात शिरलं का इचार. तिची घाई समजण्यासारखी आहे. वैशाख जवळ येतो आहे. मी निरोप धाडला की शिरलं, फार खोल शिरलं.

१३ मार्च
टायपिंग. कचेरीसमोर नासेर अर्जनवीस बसतो, गावातला इंग्रजी टाईपरायटर त्याच्याकडेच. ‘४१’ टाईप करायला गेलो तर मशीनवर दोनपासून नऊपर्यंत सगळे आकडे आहेत, ‘एक’ नाही. अंगावर काटा आला. कटाचे धागे विलायतेपर्यंत.

नासेर म्हणाला की बारीक एल मारा, सगळे तेच करतात. एल! एल म्हणजे लाभ. एल म्हणजे लिंबाजी, मी स्वतः. मशीनलाही ठाऊक आहे. नासेरला हे समजावत होतो तर तो म्हणाला, लिंबाजीभाई, तबियत बराबर है ना.

१७ मार्च, पाडवा
नैतिक पेच. थीसिस सिद्ध झाला तर माझे होणारे सासरे दर राशीला एक पायली खाणारे चोर ठरतात. तिकडे कळमनुरीहून नागोराव नावाचा मापाड्याचा मुलगा रुक्माला बघायला येणार असं कळलं. चौथी नापास. त्याची काळजी नाही.

तोडगा सुचला. भरल्या मोंढ्यात शोध जाहीर करायचा आणि तिथल्या तिथे मामांना माफ करायचं. अशा उदार माणसाला मुलगी देण्यावाचून त्यांना गत्यंतर राहणार नाही. माफीचं भाषण लिहून काढलं. समासात मावेना, उजवीकडे न्यावं लागलं.

२९ मार्च, दुपार
क्रमाने लिहितो.

मोंढा भरलेला. व्यापारी, मापाडी, तांड्यावरून जोंधळा घेऊन आलेली माणसं. नागोरावही होता, पागोट्याखाली घाम पुसत, मामांच्या शेजारी. रुक्मा भाकरी घेऊन आली तशी मी पोत्यावर चढलो आणि आकडे वाचले. एक्केचाळीस राशी, एक्केचाळीस गहाळ, डेव्हिएशन शून्य. कुणी हसलं नाही. तेच चुकल्यासारखं वाटलं. मी माफीच्या भाषणाकडे वळणार, तेवढ्यात मामा शांतपणे म्हणाले, “मग आता तुमीच मापा, लिंबाजीराव.”

तोंडी परीक्षा! मनातून खूश झालो. समोर गोपीचंदची रास होती. सेनगावकडच्या तांड्यावरचा म्हातारा. त्याची बायको जिवनबाई राशीला टेकून बसलेली. मी पायली भरली, शिगोशीग, ओतली आणि मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणालो, “एक.”

गोपीचंदने माझं मनगट धरलं. जोरात नाही. म्हणाला, “वर्साची रास हाय माजी. तिला एक म्हणून एकटी काहून पाडतो रे?”

जिवनबाईने पदराने पोतं झाकलं, जसं लेकरू झाकतात. मी सांगायला लागलो की हा आकडा आहे, शास्त्र आहे. कुणी ऐकेना. लाभ म्हणून सुरू केलं की रास लाभते, एक म्हटलं की एकावरच खुंटते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला चार जणांनी एकदम सांगितलं, म्हणून नीट कळलं. पायली तेवढीच. मोजणी बराबर. एक कधी हरवलाच नव्हता. त्याला फक्त हाक वेगळी मारत होते.

त्याहून वाईट पुढे. गोपीचंद म्हणाला, ओतलेलं परत द्या, ह्या मोंढ्यात आता मापायचं न्हाई. मागचे तिघे पोती बांधायला लागले. सटवाजी मापाड्याच्या हाताखाली रास नासली, असं कुणी तरी म्हणालं. तीस वर्षं मामांच्या शब्दावर माणसं डोळे मिटून पोती बांधतात, असं युसूफभाई मला एकदा म्हणाले होते. मी ते आकडा नाही म्हणून टिपलं नव्हतं.

मग तो चौथी नापास पुढे आला. माझी पायली परत राशीत ओतली. राशीच्या पाया पडला. जिवनबाईकडे बघून म्हणाला, मावशी, मी सुरू करू का. तिने पोत्यावरून पदर काढला आणि व्हय म्हणाली. त्याने पायली भरली, हळूच ओतली आणि म्हणाला, “लाभ.” पोती बांधणारे थांबले.

युसूफभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “घर को जाव बेटा.”

३० मार्च
रुक्मा आज आमच्या क्वार्टराच्या फाटकाशी आली. एकटी. आई आत होती. मी माफीच्या भाषणातला उरलेला भाग म्हणायला सुरुवात केली, माणसं बदलून: आता माफी मागणारा मी.

ती म्हणाली, “बापानं तुमाला रास मापायला लावून बघायचं ठरवलंच व्हतं. तुमी पास व्हावं म्हणून दोन डाव निरोप धाडला मी. तुमी मोजता लई. ऐकत न्हाई.”

आणि गेली.

म्हणजे ते निरोप अंकगणिताचे होते.

आणि तरीही ती मी पास व्हावं म्हणून... हे वाक्य काल दुपारी कळलं असतं तर बरं झालं असतं. किंवा कधीच कळलं नसतं तर.

८ एप्रिल
मामांची माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला. सर्टिफिकेटाचा कागद मीच समोर ठेवला, सवयीने. त्यांनी तो चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घडी करून माझ्या खिशात परत घातला. नागोरावचं ठरलं, वैशाखात आहे, या जेवायला, म्हणाले. मीही व्हय म्हणालो. त्यांना मामा म्हणायचं थांबवावं की कसं, हे विचारायचं राहिलं.

१२ एप्रिल
थीसिसला वेगळी दिशा देण्याचा विचार. झोपलो.

३ मे, रविवार
लग्न झालं. मोंढा सगळा होता, गोपीचंद आणि जिवनबाईसुद्धा. पंगतीत किती पानं बसली ते मोजायचं काम कुणी मला सांगितलं नाही. मुद्दाम असावं. मी पाणी वाढलं.

नागोरावने दोनदा मागितलं. दोनदा दिलं.